सहखेळाडूंची साखळी

सप्टेंबर–ऑक्टोबर २०२३ मध्ये चीनमधील हांगझो येथे आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. कंपाउंड धनुष्याच्या सांघिक प्रकारात भारताच्या पुरुष संघाने दक्षिण कोरियाला २३५–२३० असे हरवून सुवर्णपदक मिळवले. संघ तिघांचा होता. बुलढाण्याचा प्रथमेश जवकार, नागपूरचा ओजस देवतळे आणि दिल्लीचा अभिषेक वर्मा. त्याच स्पर्धेत महिलांच्या संघानेही सुवर्णपदक मिळवले. त्या संघात साताऱ्याची अदिती स्वामी, विजयवाड्याची ज्योती सुरेखा वेन्नम आणि पंजाबची परनीत कौर या तिघी होत्या.

आता एक प्रश्न विचारू. फक्त या स्पर्धेतले संघ धरले, तर बुलढाण्याच्या प्रथमेशपासून साताऱ्याच्या अदितीपर्यंत सहखेळाडूंच्या हाताला हात लावत जाता येईल का? पुरुषांचा संघ वेगळा, महिलांचा वेगळा. दोन्ही संघांत एकही नाव सामाईक नाही. पण स्पर्धेत तिसराही एक संघ होता. एक पुरुष व एक स्त्री अशा मिश्र संघात ओजस आणि ज्योती एकत्र खेळले, आणि जिंकलेही. म्हणजे वाट सापडली: प्रथमेश, ओजस, ज्योती, अदिती. माणसे चार, त्यांच्यामधले दुवे तीन.

हे कागदावर काढून पाहा. सहा नावांचे सहा ठिपके काढा. जे एका संघात खेळले त्यांना रेषेने जोडा. पुरुषांचा एक त्रिकोण होईल, महिलांचा दुसरा. दोन त्रिकोणांना जोडणारी रेषा एकच, ओजस आणि ज्योती यांच्यामधली. एकूण रेषा सात. त्यांतली ती एक पुसली तर आकृतीचे दोन तुकडे पडतात. बाकीच्या सहांपैकी कोणतीही एक पुसली तरी आकृती अखंड राहते. सगळे दुवे सारख्याच महत्त्वाचे नसतात, हे या छोट्याशा आकृतीतूनही दिसते. पुढे जे सांगायचे आहे त्याचे मूळ इथेच आहे.

पाकिटातली कार्डे

हा खेळ मोठ्या प्रमाणावर खेळला गेला तो अमेरिकेत, बेसबॉलच्या निमित्ताने. बेसबॉल हा तिकडचा बॅट आणि चेंडूचा खेळ. तो शहराशहरांच्या व्यावसायिक संघांमध्ये खेळला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या सिगारेट कंपन्या पाकीट चुरगळू नये म्हणून आत एक जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालत. कोरा पुठ्ठा घालण्यापेक्षा त्यावर चित्र छापले तर गिऱ्हाईक तेच पाकीट पुन्हा घेईल, हे कंपन्यांच्या लक्षात आले. मग नट्या, पक्षी, निशाणे आणि खेळाडू यांची चित्रे पाकिटांतून येऊ लागली. इंग्लंडमध्ये विल्स कंपनीने १८९६ साली क्रिकेटपटूंच्या पन्नास चित्रांचा संच काढला. पुढे सिगारेटची जागा च्युइंगमने घेतली आणि हा छंद मुलांच्या हातात आला. अमेरिकेतील टॉप्स कंपनीचा १९५२ सालचा ४०७ कार्डांचा संच आजही संग्राहकांमध्ये प्रसिद्ध आहे. १९८०–९० च्या सुमारास आपल्याकडेही बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रे येत, हे अनेक शिक्षकांना आठवत असेल.

इतिहासाच्या दृष्टीने अशा कार्डाचे मोल त्याच्या चित्रापेक्षा मजकुरात अधिक असते. खेळाडूचे नाव, त्याचा संघ आणि साल या तीन गोष्टी मिळाल्या की कार्डे एकमेकांना जोडता येतात. बेब रुथ हा बेसबॉलचा महापुरुष १९२० ते १९३४ या काळात न्यूयॉर्कच्या यांकीज संघात होता. लू गेहरिग त्याच संघात १९२३ ते १९३९, जो डिमॅगिओ १९३६ ते १९५१ आणि मिकी मँटल १९५१ ते १९६८ या काळात खेळले. रुथ आणि मँटल कधीच एका संघात नव्हते, पण रुथ–गेहरिग–डिमॅगिओ–मँटल अशी तीन दुव्यांची साखळी जुळते. चार कार्डे टेबलावर ओळीने मांडली की जवळजवळ अर्ध्या शतकाचा इतिहास समोर येतो.

मात्र खेळ सुरू करण्याआधी नियम ठरवावा लागतो. एका वर्षी एका संघाच्या यादीत नाव असणे पुरेसे मानायचे, की दोघे प्रत्यक्ष एकाच सामन्यात उतरले पाहिजेत? कार्डावर फक्त संघ आणि साल असते. त्यावरून एखादा खेळाडू मार्चमध्ये संघ सोडून गेला आणि दुसरा जूनमध्ये आला, तरी ते सहखेळाडू वाटतील. क्रिकेटमध्ये ही अडचण नाही. प्रत्येक सामन्याचा धावफलक असतो, त्यात अकरा नावे असतात. म्हणून आपण नियम कडक ठेवू. दोघे एकाच सामन्यात एकाच बाजूने खेळले असतील, तरच दुवा मानायचा.

नागपूर ते नागपूर

भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू यांचा जन्म १८९५ साली नागपुरात झाला. वेगवान गोलंदाज उमेश यादव १९८७ साली नागपुरातच जन्मला. दोघांच्या जन्मांत ९२ वर्षांचे अंतर आहे. जन्मगाव एकच, म्हणून साखळी सोपी असेल असे वाटते. कसोटी सामन्यांपुरते पाहू.

सी. के. १९३२ ते १९३६ या काळात सात कसोटी सामने खेळले. डिसेंबर १९३३ मध्ये मुंबईच्या जिमखान्यावर त्यांच्या नेतृत्वाखाली लाला अमरनाथ पहिला सामना खेळले आणि त्यात त्यांनी शतक केले. हा पहिला दुवा. १९४७–४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात अमरनाथ कर्णधार होते आणि विनू मंकड संघात होते. फेब्रुवारी १९५९ मध्ये दिल्लीला मंकड आपला शेवटचा कसोटी सामना खेळले. त्याच सामन्यात चंदू बोर्डे यांनी वेस्ट इंडीजविरुद्ध १०९ आणि ९६ धावा केल्या. जानेवारी १९६७ मध्ये मद्रासला बोर्डे आणि बिशनसिंग बेदी एकत्र होते. ऑक्टोबर १९७८ मध्ये फैसलाबादला बेदींच्या संघात कपिल देव पहिला सामना खेळला. नोव्हेंबर १९८९ मध्ये कराचीला कपिलच्या संघात सचिन तेंडुलकर आला. नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीला सचिनच्या संघात उमेश यादव आला.

नायडू, अमरनाथ, मंकड, बोर्डे, बेदी, कपिल, तेंडुलकर, यादव. दुवे सात. नागपूरहून निघालेली वाट कपूरथळा, जामनगर, पुणे, अमृतसर, चंदीगड आणि मुंबई इथे जन्मलेल्यांच्या हातांतून पुन्हा नागपूरला पोहोचली. नकाशावर ज्या दोन बिंदूंमध्ये अंतर शून्य, त्यांच्यामध्ये सहखेळाडूंच्या जाळ्यात सात पायऱ्या आहेत. नकाशावरचे अंतर आणि जाळ्यातले अंतर ही दोन वेगवेगळी मापे आहेत, हे विद्यार्थ्यांना समजावून देण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

सर्वांत छोटी वाट कोणती?

एक वाट सापडली म्हणजे ती सर्वांत छोटी असेलच असे नाही. ती शोधण्याची एक पद्धत आहे. तळ्यात दगड टाकला की लाटा वर्तुळाने पसरतात, तशीच ही पद्धत. सी. कें.ना ० क्रमांक द्या. त्यांच्याबरोबर खेळलेल्या सर्वांना १. या १ क्रमांकवाल्यांबरोबर खेळलेल्या, पण अजून क्रमांक न मिळालेल्या सर्वांना २. असेच पुढे जायचे. ज्या लाटेत उमेशचे नाव येईल तो त्याचा सी. के. क्रमांक. आधीची प्रत्येक लाट पूर्ण तपासूनच आपण पुढे गेलेलो असतो, म्हणून यापेक्षा छोटी वाट राहून जाणे शक्य नाही.

भारतीय कसोटी संघाच्या बाबतीत हे काम तारखांवरून बरेच सोपे होते. सी. कें.च्या सहखेळाडूंपैकी सर्वांत उशिरापर्यंत टिकले अमरनाथ, ते डिसेंबर १९५२ पर्यंत. तोपर्यंत त्यांच्याबरोबर येऊन गेलेल्यांत सर्वांत उशिरापर्यंत टिकले विजय मांजरेकर. १९५२ सालच्या पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेत ते अमरनाथांच्या हाताखाली खेळले, आणि १९६५ साली मद्रासला न्यूझीलंडविरुद्ध नाबाद शतक करून त्यांची कसोटी कारकीर्द संपली. नेमक्या त्याच मद्रासच्या सामन्यात वेंकटराघवन हा एकोणीस वर्षांचा फिरकी गोलंदाज पहिल्यांदा भारताकडून उतरला. वेंकटराघवन १९८३ पर्यंत खेळले. १९७९ च्या इंग्लंड दौऱ्यात ते कर्णधार होते आणि कपिल देव त्यांच्या संघात होता.

म्हणजे मंकड, बोर्डे, बेदी या तिघांच्या जागी मांजरेकर आणि वेंकटराघवन हे दोघे पुरतात. नायडू, अमरनाथ, मांजरेकर, वेंकटराघवन, कपिल, तेंडुलकर, यादव. सहा दुवे. याहून कमी का होणार नाहीत, तेही सांगता येते. ४ क्रमांक मिळण्यासाठी ३ क्रमांकवाल्याबरोबर, म्हणजे १९८३ पर्यंत, खेळायला सुरुवात झालेली हवी. त्या पिढीतला कोणीही २०११ पर्यंत कसोटी खेळला नाही. म्हणून कपिल आणि उमेश यांच्यामध्ये किमान एक माणूस लागतोच. उमेशचा सी. के. क्रमांक सहा.

या सिद्धतेत मद्रासच्या एका सामन्याचे महत्त्व पाहा. एकाचा शेवटचा सामना तोच दुसऱ्याचा पहिला. चार दिवसांची ती गाठ नसती, तर मांजरेकरांची वाट वेंकटराघवनपर्यंत पोहोचली नसती.

दोन देशांमधला पूल

आता साखळी मागे नेऊ. प्रत्येक देशाचा कसोटी संघ हे एक घट्ट विणलेले जाळे असते. अकरा जणांचा संघ एकदा मैदानात उतरला की त्यात ११ × १० ÷ २, म्हणजे ५५ जोड्या तयार होतात. पण एका देशाच्या जाळ्यातून दुसऱ्या देशाच्या जाळ्यात जायला वाट फारच क्वचित मिळते. त्यासाठी दोन्ही देशांकडून खेळलेला खेळाडू हवा. भारत आणि इंग्लंड यांच्यामध्ये असा एक पूल आहे. तो म्हणजे थोरले पतौडी नवाब इफ्तिखार अली खान. डिसेंबर १९३२ मध्ये सिडनीला ते इंग्लंडकडून पहिला कसोटी सामना खेळले आणि त्यात त्यांनी शतक केले. शरीरवेधी गोलंदाजीमुळे गाजलेली ती मालिका. लारवूड त्यांच्याच संघात होता आणि यष्टिरक्षक होता लेस्ली एम्स. पुढे १९४६ साली हेच पतौडी भारताचे कर्णधार म्हणून इंग्लंडला गेले. त्या संघात अमरनाथ होते.

एम्सपासून मागे गेलो तर विल्फ्रेड ऱ्होड्स भेटतो. ऱ्होड्स आपला शेवटचा कसोटी सामना एप्रिल १९३० मध्ये जमैकात खेळला, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. त्या सामन्यात एम्सचे शतक आहे. आणि ऱ्होड्सचा पहिला कसोटी सामना जून १८९९ चा, नॉटिंगहॅमचा. तोच डब्ल्यू. जी. ग्रेस यांचा शेवटचा.

म्हणजे ग्रेस, ऱ्होड्स, एम्स, पतौडी, अमरनाथ, मांजरेकर, वेंकटराघवन, कपिल, तेंडुलकर, यादव अशी नऊ दुव्यांची साखळी झाली. ग्रेसचा जन्म १८४८ सालचा, म्हणजे १८५७ च्या उठावाच्याही आधीचा. ग्रेसचा शेवटचा सामना आणि उमेशचा पहिला सामना यांच्यामध्ये ११२ वर्षे आहेत. ती आठ माणसांनी भरून काढली, म्हणजे माणशी सरासरी १४ वर्षे. एकट्या ऱ्होड्सने ३१ वर्षांचे अंतर कापले, तेंडुलकरने २४ वर्षांचे. एम्सने जेमतेम दहा. पण एम्सची दहा वर्षे नेमक्या जागी आली.

अशा साखळीत दोन प्रकारची माणसे उपयोगी पडतात, असे दिसते. एक, दीर्घकाळ टिकणारी. ती काळाच्या दोन टोकांना जोडतात. दुसरी, एका गटातून दुसऱ्या गटात जाणारी. ती दोन जाळ्यांना जोडतात. पतौडी अवघे सहा कसोटी सामने खेळले, तीन इंग्लंडकडून आणि तीन भारताकडून. धावांच्या यादीत त्यांचे नाव बरेच खाली असेल. जाळ्यातली त्यांची जागा मात्र मोठमोठ्या फलंदाजांना मिळालेली नाही.

गणितात हे कुठे बसते?

ठिपके आणि रेषा यांच्या गणिताला आलेख सिद्धान्त म्हणतात. त्याची सुरुवात १७३६ साली ऑयलरने कोनिग्सबर्ग शहराच्या सात पुलांचे कोडे सोडवले तिथून मानतात. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून शहर फिरता येईल का, असे ते कोडे होते. ऑयलरने रस्त्यांची लांबी, नदीची रुंदी सगळे बाजूला ठेवले आणि कोण कोणाला जोडले आहे एवढेच पाहिले. आपण धावा आणि बळी बाजूला ठेवले, ते याच अर्थाने.

माणसांच्या साखळीची कल्पना हंगेरियन लेखक फ्रिगेश कारिन्थी याने १९२९ साली एका कथेत मांडली. जगातल्या कोणत्याही माणसापर्यंत पाच ओळखींच्या आधाराने पोहोचता येईल, अशी पैज त्यातले पात्र लावते. १९६० च्या दशकात अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम याने हे प्रत्यक्ष तपासले. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात २९६ जणांपासून सुरुवात होती. बॉस्टनजवळच्या एका विशिष्ट माणसापर्यंत टपाल पोहोचवायचे, पण ते फक्त आपल्या ओळखीच्या माणसाकडेच द्यायचे, असा नियम. ६४ साखळ्या पूर्ण झाल्या आणि त्यांत मधल्या माणसांची सरासरी ५.२ आली. उरलेल्या २३२ पोहोचल्याच नाहीत. याचा अर्थ त्या माणसांमध्ये दुवा नव्हता, असा होत नाही. कुठेतरी कोणीतरी पाकीट पुढे पाठवले नाही, एवढाच होतो. ही गोष्ट लक्षात ठेवू, पुढे ती कामाला येईल.

१९९८ साली डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवले की घट्ट गटांच्या जाळ्यात दूरदूरचे थोडेसे दुवे टाकले, तरी एका टोकापासून दुसऱ्या टोकाचे अंतर झपाट्याने घटते. त्यांनी सुमारे सव्वादोन लाख चित्रपट कलावंतांचे जाळे तपासले. एका चित्रपटात काम केले की दुवा. सरासरी अंतर चारपेक्षाही कमी निघाले. आपल्या हांगझोच्या आकृतीतली ओजस–ज्योती ही रेषा अशाच दुव्याचा अगदी लहान नमुना आहे.

यादीत काय दिसत नाही

आता कसोटीचा नियम जरा सैल करून त्याआधीच्या काळात जाऊ. कसोटी सामने सुरू होण्यापूर्वी मुंबईच्या धर्मवार स्पर्धांमध्ये हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन असे संघ खेळत. हिंदू संघाचे सर्वश्रेष्ठ गोलंदाज पळवणकर बाळू. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल याच संघाचे फलंदाज होते, आणि सी. के. नायडूही १९१६ पासून याच संघातून खेळले. म्हणून बाळू, विठ्ठल, सी. के. असे दोन दुवे, आणि पुढे उमेशपर्यंत सहा. एकूण आठ.

परंतु इथे थांबून विचार करायला हवा. बाळू चांभार समाजातले. पुण्यात खेळताना मैदानावर चेंडू त्यांच्या हातून इतरांच्या हाती जाई. चहाच्या वेळी मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली विठ्ठल यांना मिळाले. आपल्या आकृतीत मात्र बाळू आणि त्यांच्या सहखेळाडूंमधली रेषा इतर कोणत्याही रेषेसारखीच सरळ दिसते. जाळ्याचे गणित कोण कोणाबरोबर होते ते सांगते. कसे होते ते सांगत नाही. त्यासाठी इतिहास वाचावा लागतो. हे साधन वापरताना त्याची ही मर्यादा विद्यार्थ्यांपुढे ठेवलीच पाहिजे.

बुलढाण्यापासून किती दूर?

बुलढाणा हा वऱ्हाडातला, विदर्भाच्या पश्चिम टोकाचा जिल्हा. १९३४–३५ साली रणजी स्पर्धा सुरू झाली, तेव्हा हा भाग ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ या संघाच्या कक्षेत होता. चंदू सरवटे हे अष्टपैलू खेळाडू याच संघाकडून रणजीत आले. पुढे ते इंदूरच्या होळकर संघात सी. के. नायडूंबरोबर खेळले. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात ते पतौडींच्या भारतीय संघातही होते. म्हणजे १९४० च्या दशकात वऱ्हाडच्या संघातल्या त्यांच्या सहखेळाडूंपासून सी. के. दोनच दुवे दूर होते. राज्यांची फेररचना झाल्यावर १९५७–५८ पासून विदर्भाचा स्वतंत्र संघ रणजीत उतरला.

त्यानंतर विजेतेपदासाठी साठ वर्षे वाट पाहावी लागली. जानेवारी २०१८ मध्ये विदर्भाने दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. अंतिम सामना इंदूरच्या होळकर स्टेडियमवर झाला, म्हणजे सी. के. ज्या होळकर संघाचे कर्णधार होते त्याच्याच गावी. फैज फजल कर्णधार होता, आणि संघात मुंबईहून आलेला वसीम जाफर होता. जाफर भारताकडून कसोटीत तेंडुलकरबरोबर खेळलेला. त्यामुळे त्या दिवशी मैदानात असलेला विदर्भाचा प्रत्येक खेळाडू तेंडुलकरपासून फार तर दोन दुव्यांवर होता. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांचा वाटा मोठा, पण आपल्या नियमात ते बसत नाहीत. ते त्या संघातून खेळले नाहीत. माणसाचे महत्त्व आणि त्याचे जाळ्यातले स्थान या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे इथे पुन्हा दिसते.

आता चिखली, मेहकर, मलकापूर किंवा खामगावच्या एखाद्या शाळेतल्या मुलाचा विचार करा. तो त्या अकरांपैकी एकाबरोबर एखाद्या सामन्यात एका बाजूने खेळला, की तो तेंडुलकरपासून फार तर तीन दुव्यांवर आला. त्या मुलाच्या शालेय संघातली बाकीची दहा मुले चार दुव्यांवर आली. जाळे इतके जवळ असते.

पण हे सिद्ध कसे करणार? नायडूंपासून यादवपर्यंतचा प्रत्येक दुवा आपण दाखवू शकलो, कारण प्रत्येक सामन्याची अकरा नावे कोणीतरी लिहून ठेवली आणि जपली. शाळेच्या सामन्यांचे तसे होत नाही. जिंकलेली ढाल काचेच्या कपाटात राहते, तिच्यावर शाळेचे नाव आणि साल असते, मुलांची नावे नसतात. दहा वर्षांनी संघात कोण होते ते कोणी सांगू शकत नाही. मिलग्रॅमच्या न पोहोचलेल्या पाकिटांसारखेच हे आहे. दुवा होता, पण तो पुढे दिला गेला नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

जुन्या पोस्टकार्डाच्या आकाराचे पुठ्ठे कापा. एका पुठ्ठ्यावर एका खेळाडूचे नाव. मागच्या बाजूला तो ज्या ज्या संघातून खेळला ते संघ, सामना आणि साल. शाळेच्या कबड्डी किंवा खो-खोच्या संघापासून सुरुवात करावी. कबड्डीत मैदानावर सात खेळाडू, म्हणजे २१ जोड्या. खो-खोत नऊ, म्हणजे ३६. हे आकडे मुलांनी आधी मोजून काढावेत, मग सूत्राने पडताळावेत.

त्यानंतर भिंतीवर कागद लावून ठिपके आणि रेषा काढाव्यात. तालुका संघात निवडलेली मुले कोणत्या रेषा जोडतात ते पाहावे. शाळा बदलून आलेला मुलगा असेल तर त्याचा ठिपका वेगळ्या रंगाने काढावा. तो आपल्या शाळेचा पतौडी. कोणता ठिपका पुसला तर आकृतीचे तुकडे पडतात, हे मुलांना विचारावे. लाटेच्या पद्धतीने एखाद्या खेळाडूपासून प्रत्येकाचा क्रमांक काढावा. आणि ग्रेस ते यादव ही साखळी नऊपेक्षा कमी दुव्यांत जुळते का, हेही मोठ्या वर्गातल्या मुलांनी तपासावे.

यापुढचे काम थोडे चिकाटीचे आहे. शाळेच्या कार्यालयात जुन्या संघांची छायाचित्रे लटकत असतात. गावातल्या जाणत्यांना शाळेत बोलावून त्या छायाचित्रांतली नावे विचारून घ्यावीत, आणि ती छायाचित्रांच्या मागे डावीकडून उजवीकडे अशा क्रमाने, सालासह, पेन्सिलीने लिहावीत. राखीव खेळाडूंचीही लिहावीत. चालू वर्षाच्या प्रत्येक सामन्याची नावे एका जाड वहीत उतरवावीत, मुलींच्या संघांची आणि हरलेल्या सामन्यांचीही. ही वही दर वर्षी जूनमध्ये नव्या क्रीडाशिक्षकाच्या हाती द्यावी. म्हणजे ती साखळी तरी तुटणार नाही.